वजन वाढवायला जिम? राजारामपुरीतल्या सकाळच्या लेडीज बॅचचा अनुभव

वजन कमी करायला जिम शोधत असाल तर हा रिव्ह्यू तुमच्या फारसा कामाचा नाही. हा आहे माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना लग्नकार्यात भेटणारी प्रत्येक आत्या-मावशी मनगट धरून विचारते, "काय गं, घरात खायला घालत न्हाईत काय?" जाड माणसाला तोंडावर जाड म्हणायला लोक हल्ली जरा कचरतात. बारीक बाईला मात्र कुणीही, कधीही, काहीही बोलावं.

उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४३ किलो, इथून मी सुरुवात केली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, १७.२ आला. १८.५ च्या खाली म्हणजे वजन कमी, हे डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्यातही लिहिलेलं असतं. दिवाळीनंतर बॅच लावली, आता गणपती होऊन गेले. आज काट्यावर ४८ च्या थोडं वर. चार स्टार देतेय. पाचवा कुठं कापला तेही सांगते.

जिम कोल्हापुरातल्या राजारामपुरीत, मेन रोडवरून आत वळल्यावर पहिल्या मजल्यावर. लेडीज बॅच सकाळी साडेसहाची, सोमवार-बुधवार-शुक्रवार. मी शाहूपुरीत एका पतसंस्थेत काउंटरला बसते, दहाला हजर व्हावं लागतं, म्हणून ही वेळ जमली.

याआधी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली होती. एका ठिकाणी काउंटरवरच्या पोरानं मान वर न करताच "मॅडम, तीन महिन्यांत दहा किलो कमी" असा छापील कागद पुढं सरकवला. त्रेचाळीसातले दहा गेल्यावर उरणार काय, हाडं आणि आधार कार्ड? दुसऱ्या ठिकाणी ट्रायलला चाळीस मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं आणि निघताना गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, भलामोठा डबा दाखवला. आधी जाळायचं, मग विकत घेऊन भरायचं, असा तो हिशेब.

खरं तर आपल्यासारख्या कमी नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के बायकांचा बीएमआय १८.५ च्या खाली निघाला. जास्त वजनाच्या २४ टक्के. दोन्हींत फरक आहे, पण इतका नाही की गावातल्या प्रत्येक जिमच्या बोर्डावर फक्त 'फॅट लॉस' लिहावं.

इथल्या कोच ताई स्वतः कॉलेजात असताना वेटलिफ्टिंग करायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी ना मशिनं दाखवली ना पॅकेज. "आधी रक्त तपासून आण, मग फी घेतो," एवढंच म्हणाल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर. मी म्हटलं, मला काही आजार नाही, मी लहानपणापासून अशीच. त्यावर ताई म्हणाल्या, "थायरॉइड वाजवीपेक्षा जास्त पळत असंल, शुगर असंल, टीबी असंल, तर माणूस कितीबी खाऊन वाळतच जातंय. तितं माझं डंबेल काय करणार?" आणि वर एक विचारलं: वजन पहिल्यापासून एवढंच, की अलीकडं उतरलंय? अलीकडं विनाकारण उतरलं असेल तर त्या सरळ दवाखान्यात धाडतात, बॅचला घेत नाहीत. माझ्यासमोर एका मुलीला त्यांनी असं परत पाठवलं. तीन महिन्यांची फी हातची सोडून.

माझं थायरॉइड ठीक निघालं, शुगर ठीक, हिमोग्लोबिन मात्र १०.४. बाईमाणसाचं १२ च्या वर पाहिजे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणावर लगेच चहा बंद, कारण चहानं लोह अंगाला लागत नाही, आणि ताटात लिंबाची फोड. चहा बंद हे आमच्या ऑफिसात जाहीर करणं वजन वाढवण्यापेक्षा अवघड होतं.

आता मुख्य गोष्ट. या बॅचमध्ये गुलाबी रंगाची दोन किलोची डंबेल्स घेऊन गाण्यावर हात हलवायला लावत नाहीत. पहिल्या दिवसापासून बार, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट चढवायचा लांब लोखंडी दांडा. रिकामा का असेना, पण बार.

साध्या जिममधला मोठा बार २० किलोचा असतो. बायकांचा म्हणून जो वेगळा येतो तो १५ किलोचा, जरा आखूड आणि जाडीला कमी, २५ मिलिमीटर. पुरुषांचा २८. तीन मिलिमीटरनं काय होतंय असं वाटेल, पण माझ्यासारख्या लहान पंजाच्या बाईला अंगठा बोटांवरून वळून पुरता बसतो की नाही, हे त्या तीन मिलिमीटरवर ठरतं. इथं तो बार आहे. एकच आहे, आणि त्यावरून रोज वादावादी आहे, पण आहे.

डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं, मला सगळ्यात आवडली. बूट काढून मोज्यांवर उभं राहायचं, बार नडगीपासून बोटभर लांब. खाली वाकून धरायचा, छाती वर, पोटात श्वास भरून पोट टणक करायचं. यानंतरची एक गोष्ट मला ताईंनी शिकवली, व्हिडिओ बघून ती कळत नाही. बार एकदम हिसकायचा नाही. आधी हळूच वर ताणायचा. प्लेटच्या भोकात आणि बारमध्ये बारीकशी फट असते, ती भरली की 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज ऐकायचा, आणि मग पायांनी जमीन खाली ढकलायची. आवाजाच्या आधी ओढलं तर कंबरेला हिसका बसतो. आवाजानंतर ओढलं तर बार नडगीला, मग मांडीला घासत सरळ वर येतो आणि कमरेला काही कळतसुद्धा नाही. पहिले काही आठवडे माझ्या नडग्यांवर लाल ओरखडे होते. सासूबाईंनी विचारलं, मांजर पाळलंय का जिममध्ये.

त्याशिवाय स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर झोपून बार वर ढकलणं), वाकून रोइंग, डोक्यावर प्रेस, लॅट पुलडाउन, हिप थ्रस्ट. एका दिवशी सगळं नाही, चार-पाच प्रकार. प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे फेऱ्या, आणि एका सेटमध्ये आठच्या आसपास रेप्स, म्हणजे आठ वेळा उचलणं. आठवा रेप निघताना अजून दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे, पाच निघाले असते असं वाटलं तर वजन कमी घेतलंय.

प्रत्येकीची एक लांब वही असते, किराणा दुकानात उधारीची असते तसली. माझ्या वहीत एखाद्या ओळीत असं असतं: स्क्वॉट २५ किलो, ८, ८, ७. म्हणजे पुढच्या वेळी वजन तेच. ८, ८, ८ झालं की दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढणार. बस, एवढंच शास्त्र आहे. अंगाला कालच्यापेक्षा थोडं जड काम दिलं, वर खायला दिलं, झोपू दिलं, तर ते मांस धरतं. रोज तेच पाच किलो महिनोन्‌महिने उचललं तर अंगाला वाढायचं कारणच काय?

विश्रांतीवरून आमच्यात फार गंमत झाली. जड सेटनंतर ताई दोन-तीन मिनिटं खाली बसवतात, घड्याळ लावून. माझ्याबरोबर जरगनगरहून एक वहिनी येतात. त्यांना हे पहिल्या दिवशी अजिबात पटलं नाही. "बसायचे पैसे घेतात काय हे? मी उड्या मारतो की मधल्या वेळात." ताईंनी शांतपणे सांगितलं की उड्या वजन उतरवायला आलेल्यांनी माराव्यात, आपण कॅलरी वाचवायला बसतोय. वहिनी बसल्या. आता त्या दोन मिनिटांत राजारामपुरीतल्या सगळ्या बातम्या कळतात.

पहिल्या महिन्यात मला एक विचित्र अनुभव आला. उचलायची वजनं भराभर वाढत होती, स्क्वॉट रिकाम्या बारवरून पंचविसावर गेला, आणि काटा मात्र जागचा हलेना. ताई म्हणाल्या, हे असंच असतं. सुरुवातीची ताकद मांसाची नसते, नसांची असते. मेंदू आहे तेच स्नायू नीट कामाला लावायला शिकतो. डोळ्यांना दिसेल असं मांस धरायला दोन-तीन महिने लागतात. काट्यावर रोज चढायचं नाही, आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी. पाळीच्या आधी अंगात पाणी धरून एखादा किलो वाढतो, तो मोजायचा नाही.

खाण्याचं प्रकरण मोठं आहे, कारण माझं खरं दुखणं तिथंच होतं. मला वाटायचं मी भरपूर खाते. ताईंनी तीन दिवस जे खाईन ते सगळं लिहायला लावलं. लिहिल्यावर दिसलं की सकाळी चहा-खारी, दुपारी डब्यातली दीड पोळी आणि भाजी, संध्याकाळी परत चहा, रात्री भात-आमटी. प्रोटीन जेमतेम ४० ग्रॅम.

त्यांचं गणित सोपं आहे. आहे त्या खाण्यावर रोज तीनशे-चारशे कॅलरी जास्त, आणि प्रोटीन वजनाच्या किलोमागं १.६ ग्रॅम. माझ्यासाठी म्हणजे सत्तर-बहात्तर ग्रॅम. एकदम हजार कॅलरी चढवल्या तर मांसापेक्षा पोटच सुटतं, आणि त्याआधी अपचनानं माणूस बेजार होतो. आठवड्याला पाव किलो वाढलं तरी ताई खूश असतात. माझं तेवढंही दर आठवड्याला वाढलं नाही, तरी त्यांनी कधी घाई केली नाही.

ते सत्तर ग्रॅम असे येतात: बॅचवरून आल्यावर तीन अंडी, त्यांचे अठरा. दिवसभरात अर्धा लिटर म्हशीचं दूध, त्याचे अठरा-एकोणीस. मूठ-दीड मूठ भाजलेले शेंगदाणे, त्यांचे दहा. दुपारी मटकीची उसळ आणि वाटीभर दही. बाकी भाकरी-आमटीतून. भाकरीवर लोणी. शेंगदाणा-गुळाचा लाडू पर्समध्ये, चारच्या चहाच्या जागी. ज्यांचं पोट लहान आहे त्यांनी ताट वाढवू नये, वेळा वाढवाव्यात आणि काही कॅलरी प्याव्यात, असं ताईंचं म्हणणं. केळं, दूध, चमचाभर शेंगदाण्याचं कूट मिक्सरला फिरवलं की काम होतं. चावायचा कंटाळा असणाऱ्यांना हे बरं.

बुधवार-रविवार आमच्याकडं मटण किंवा चिकन. इथं एक कोल्हापुरी गैरसमज दूर करायला हवा. आपण रस्सा ओरपतो आणि समजतो की खुराक झाला. आमच्या घरी तांबड्याच्या तीन वाट्या व्हायच्या आणि मटणाचे तुकडे दोन. ताई म्हणाल्या, "ताकद तुकड्यात असती, रश्श्यात चव असती." पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस असल्यानं त्यातून कॅलरी तरी मिळतात. म्हणून मला पांढरा दोन वाट्या माफ आहे, पण तुकडे मोजून आधी. घरात आता वाढताना माझ्या ताटात सासूबाई स्वतः चिमट्यानं तुकडे टाकतात. नव्या सुनेला असलं कौतुक कधी मिळालं नव्हतं.

आमचे मामंजी तरुणपणी तालमीत जायचे. गंगावेशीच्या आखाड्यात घाम गाळलेला माणूस, खासबागेतल्या कुस्त्यांचे किस्से सांगायला लागले की जेवण गार होतं. (खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून पुरं केलं, हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही पाठ आहे, इतक्या वेळा ऐकलंय.) जिमचं नाव काढल्यावर त्यांचा पहिला शेरा होता, "लोखंड कशाला पायजे? रोज पाचशे बैठका मार." मी हे ताईंना जाऊन सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, बैठका उत्तमच, पैलवानाचा दम त्यावरच तयार होतो. पण तुझं वजन ४३. पाचशे बैठका मारल्यास तर खाल्लेलं सगळं त्यातच जाईल. पैलवान बैठका मारतो तसा बदामाची थंडाईही पितो, तूपही खातो, दुपारी झोपतोही. तू दुपारी काउंटरला बसतेस.

हे मामंजींना पटलं, विशेषतः खुराकाचा भाग. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर त्यांची फेरी सुरू झाली. बाहेरगावच्या वाचकांसाठी: तिथं म्हशी आणून समोर धार काढून देतात, फेसासकट पेला. शहरात असं दूध मिळणं हे खरंच भाग्य. त्यांचा आग्रह धारोष्णच प्यायचा. ताईंचा आणि डॉक्टरांचा आग्रह उकळूनच, कारण कच्च्या दुधातून टीबी, ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात. मी उकळून पिते. मामंजी तोंड वाकडं करतात आणि स्वतःचा पेला कट्ट्यावरच संपवून येतात. रविवारी माझी वही मात्र ते चष्मा लावून वाचतात आणि डेडलिफ्टचा आकडा वाढला नसेल तर मलाच विचारतात, आठवडाभर काय केलंस.

पावडरीबद्दल लिहायलाच हवं. या जिमच्या काउंटरमागं प्रोटीनचे डबे आहेत, पण ते घ्या म्हणून मला कुणी सांगितलं नाही, हा एक स्टार फक्त त्यासाठी. ताईंनी दोन डबे शेजारी ठेवून मागचं लेबल वाचायला शिकवलं. व्हे, म्हणजे दुधापासून काढलेल्या, प्रोटीनच्या एका स्कूपमधे साधारण २४ ग्रॅम प्रोटीन. अंडी-मांस न खाणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. मास गेनर म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं, म्हणजे जवळपास साखरच. ते पैसे देऊन घ्यायचं तर आपला गूळ काय वाईट आहे? क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) हवं असेल तर साधं मोनोहायड्रेट, दिवसाला तीन ते पाच ग्रॅम, किडनीचा त्रास नसेल तर. पण त्यानं सुरुवातीला स्नायूंत पाणी धरून एखादा किलो वाढतो, त्यावर पेढे वाटू नयेत.

आणि लेबल नसलेली, 'पंधरा दिवसांत फरक' म्हणून पुडीत बांधून मिळणारी आयुर्वेदिक म्हणवणारी पावडर कुणी दिली तर हात लावू नका. असल्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा भूक वाढवणारी ॲलर्जीची गोळी मिसळलेली सापडते. चेहरा सुजतो, गाल वर येतात, लोक म्हणतात भरलीस गं छान. आतून हाडं, शुगर, बीपी सगळं बिघडत असतं. आणि आधीच घेत असाल तर मनानं एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून उतरवा. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी लायसन्स नंबर आहे का एवढं तरी बघा.

आता तक्रारी.

लहान प्लेट्स नाहीत. सगळ्यात हलकी प्लेट सव्वा किलोची, म्हणजे एका वेळी अडीच किलो वाढ. डेडलिफ्टला चालतं. पण डोक्यावरच्या प्रेसला साडेसतरावरून विसावर उडी मारणं म्हणजे एकदम सातवा हिस्सा वाढवणं, आणि माझी गाडी तिथं दोन महिने अडली होती. अर्धा किलोच्या प्लेट्स आणा म्हणून मालकांना सांगून सांगून थकलो. "बघू की" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पुरुषांना लागत नाहीत म्हणून गरज वाटत नाही, दुसरं काय. शेवटी वहिनी आणि मी वर्गणी काढून एक जोडी आणली, त्यावर मार्करनं नाव घातलंय. बायकांचा बार एक आणि बॅचला दहा-बाराजणी, हेही तसंच.

कपडे बदलायची खोली एकच, तिची कडी सैल. बाथरूममधे डस्टबिन ठेवायला दोनदा सांगावं लागलं. वजनकाटा फरशीच्या उतारावर ठेवलाय, जागा बदलली की अर्धा किलो इकडं-तिकडं दाखवतो. कायम खिडकीखालच्या फरशीवर ठेवूनच बघा. दुचाकी लावायला जागा नाही, खालच्या दुकानदाराशी रोज भांडण. आणि ताई सुट्टीवर असल्या की बदली म्हणून येणारा पोरगा मोबाइलमधून डोकं काढत नाही. एकदा त्यानं मला स्क्वॉटला रॅकच्या सेफ्टी पिना, म्हणजे बार खाली आला तर अडवणारे दांडे, न लावताच उभं केलं होतं. ती गोष्ट ताईंच्या कानावर घातल्यावर पोरगा आता पिना लावतो, मोबाइल तसाच. पाचवा स्टार या सगळ्यात गेला.

फी तीन महिन्यांची साडेचार हजार, परत मिळत नाही. लेडीज बॅच म्हणून पाचशे जास्त घेतात. बार एक देऊन पाचशे जास्त, हे मला अजून पटलेलं नाही.

फरकाचं विचाराल तर डेडलिफ्ट ६५ किलो, स्क्वॉट ४५, बेंच साडेसत्तावीस. पाच किलो वाढले ते कुठं गेले हे ब्लाउज सांगतात. दंडाला आणि पाठीला घट्ट झाले, टेलरनं आतली माया उसवून दिली. कमरेला एखादा इंचच वाढला. हिमोग्लोबिन १२.१. गॅसचा भरलेला सिलिंडर, आत १४.२ किलो गॅस आणि टाकीचं वजन मिळून तीस किलोच्या घरात जातो, तो मी आता जिन्यावरून स्वतः वर आणते. डिलिव्हरीवाल्याला वर नेण्याचे वेगळे पैसे द्यायचं बंद झालं.

"पुरुषासारखी दिसायला लागशील" हे मला ऑफिसातल्या तिघीचौघींनी बजावलं होतं. बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मांस धरायला लावणारं पुरुषी हार्मोन, पुरुषांच्या मानानं अगदीच थोडं असतं, तसलं अंग व्हायला वर्षानुवर्षं वेगळाच खटाटोप करावा लागतो. मी पाच किलोसाठी दहा महिने घासले, मला चुकून पैलवान होण्याची भीती कसली? जिमच्या भिंतीवर वेटलिफ्टर मीराबाई चानूचा फोटो लावलाय. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ४९ किलो वजनी गटात रौप्यपदक आणलं, स्नॅचमध्ये (एका दमात डोक्यावर) ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ११५, एकूण २०२ किलो. नवी मुलगी अशी भीती बोलून दाखवायला लागली की ताई फक्त त्या फोटोकडं बोट करतात. माझ्याच वजनाची बाई, स्वतःच्या दुपटीहून जास्त डोक्यावर धरून उभी आहे.

आता नवरात्र येतंय. आमच्यात निम्म्याजणींचे नऊ दिवसांचे उपवास. उपवास सोडा असं ताई सांगत नाहीत, शेंगदाणे, दूध, दही, राजगिरा, रताळं यांचं वेळापत्रक त्यांनी वहीच्या मागं आत्ताच लिहून दिलंय आणि त्या आठवड्यात वजनं वाढवायची नाहीत असं ठरलंय. पाळीच्या दिवसांतही तसंच. जमेल तर या, नको वाटलं तर हलकं करा, कुणाला कारण सांगावं लागत नाही.

ज्यांना जेवणाचीच धास्ती वाटते, खाल्लं की अपराधी वाटतं, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडं जावं, वही आणि काटा त्यांच्यासाठी नाही. गरोदर असाल, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते. शिवाय एका महिन्यात लग्न आहे आणि तोवर भरायचंय, असं असेल तर पैसे वाया घालवू नका. माझ्या मैत्रिणीला ताईंनी हेच सांगितलं, आणि ती रागावून दुसरीकडं गेली.

चौकशीला संध्याकाळी जाऊ नका. त्या वेळी काउंटरवर जो असतो तो तुम्हालाही फॅट लॉसचंच पॅकेज दाखवेल. सकाळी सव्वासहाला जा, ताई वर्‍हांड्यात बसून वह्या लावत असतात, त्यांनाच भेटा. रक्ताचे रिपोर्ट बरोबर न्या, तीन दिवसांचं खाल्लेलं घरूनच लिहून न्या म्हणजे एक खेप वाचेल. नवीन बॅच नवरात्र झाल्यावर घेणार आहेत. आणि अर्धा किलोच्या प्लेट्स पाहिजेत म्हणून मालकांना तुम्हीही सांगा, चार तोंडं झाली तर कदाचित आणतील.